बायकांना गुलाबी

"मॅडम, गुलाबी संपलंय," बाई दारातूनच म्हणाल्या. "नवा माल यायला आठवडा लागेल म्हणतात. तोवर बायकांनासुद्धा बिनरंगीच दिलं तर चालेल ना?"

"चालेल की," ती मान वर न करता म्हणाली.

बाई गेल्या. हातातल्या कागदावरच्या आणखी दोन ओळी तिनं वाचल्या, तिसरीखाली रेघ ओढायला घेतली आणि पेन मध्येच थांबलं. शाईचा ठिपका पसरत पसरत डाळीएवढा झाला तरी तिनं ते उचललं नाही. सकाळचे सव्वादहा वाजले होते. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचं ते टीं टीं थांबता थांबत नव्हतं. सगळ्यात आधी तिला काय जाणवलं असेल तर हे, की आपले तळपाय गार पडलेत.

आता हे गुलाबी काय आणि या बायका कोण, ते सांगून टाकलेलं बरं. बायका म्हणजे पेशी. प्रसूतीच्या दवाखान्यातून बाळांच्या नाळा बर्फाच्या डब्यात घालून यायच्या, नाळेतल्या शिरेचं आतलं अस्तर हलक्या हातानं सोडवायचं आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, हा या प्रयोगशाळेचा धंदा. रक्तवाहिन्यांना आतून हेच अस्तर असतं. काळजाचं दुखणं पुष्कळदा इथूनच सुरू होतं. मुलीच्या नाळेतल्या त्या बायका, मुलाच्या नाळेतले ते पुरुष. तासाभरापूर्वी जग पाहिलेल्या पोरीचा हा चिमूटभर ऐवज, पण बोलताना बायकाच. 'बायकांना खायला घातलंत का?' 'पुरुष आज सुस्तावलेत.' बाहेरच्या माणसानं ऐकलं तर कपाळावर हात मारून घेईल. खायला घालायचं ते मीडियम, म्हणजे साखर, क्षार आणि आणखी काय काय घातलेलं पाणी. त्यात कंपनीवाले एक रंग टाकतात. पाणी ताजं असलं की गुलाबी दिसतं, शिळं झालं की पिवळं; नजरेला कळावं, एवढाच त्याचा उपयोग. पण या रंगाला एक खोड आहे. तो बायकांच्या हार्मोनची नक्कल करतो. अगदी हलकी, पण पेशी फसतात, आपल्या पाठीशी कुणीतरी आहे असं समजून कंबर कसतात. म्हणून बाईच्या आणि पुरुषाच्या पेशींची तुलना करायची तर दोघांनाही बिनरंगी मीडियमच द्यायचं, हे या कामातलं अगदी अआइई. नव्या मुलांना दर वर्षी पहिल्याच तासाला ती स्वतः हे शिकवायची. वर म्हणायची, "रंगाला भुलू नका रे बाबांनो." मुलं हसायची.

ती उठली. पेशींची खोली तिच्या दारापासून बावीस पावलांवर होती. एके काळी ती दिवसातून वीसदा तिथं जायची, पण विभागाची प्रमुख झाली आणि बैठका, अहवाल, सह्या यांतून मान वर काढायला सवड होईना. गेल्या तीन वर्षांत ती त्या खोलीपाशी गेली असेल ती पाहुण्यांना घेऊन, तीही काचेबाहेरूनच. आत बसवलेल्या पंख्याचा घुमणारा आवाज, स्पिरिटचा वास, सगळं ओळखीचं होतं, तरी बाईंनी "हातमोजे कुठल्या मापाचे देऊ?" असं विचारलं तेव्हा तिला आपलं माप आठवेना. बाईंनी तिच्या हातांकडे एक नजर टाकली आणि मधल्या मापाची जोडी पुढे केली. वीस वर्षं या खोलीत काढलेली ही बाई. बोटं इतकी स्थिर, की तिच्या हातात दिलेली पेशी कधी दगावत नाही असं सगळे म्हणायचे. बाईंनी इन्क्युबेटरचं दार उघडलं. वरच्या फळीवर बायका, एकजात गुलाबी. खालच्या फळीवर पुरुष, नळाच्या पाण्यासारखे नितळ. दोन फळ्या, कुठं काही लपवलेलं नाही, आंधळ्यालासुद्धा दिसावं असं.

"बाई, हे असं कधीपासून आहे?"

"कसं?"

"वर गुलाबी, खाली बिनरंगी."

"पहिल्यापासून." बाईंना प्रश्नच कळला नव्हता. "तुम्हीच नाही का सांगितलंत? मुलींना गुलाबी, पोरांना साधं, म्हणजे अदलाबदलीची भीती नको. किती हसलो होतो आपण त्या दिवशी! तुम्ही तर पोट धरून हसत होतात."

"हो," ती म्हणाली. "हसत होते."

"काही चुकलं का मॅडम?"

बाईंचा चेहरा बघता बघता उतरायला लागला होता. वीस वर्षांत एक बशी न सांडलेला हात दाराच्या मुठीवर घट्ट झाला होता. तिला वाटलं, आत्ता ओरडावं, कुणाच्या तरी अंगावर ओरडावं, पण ओरडावं असं तिथं तिच्या स्वतःखेरीज कुणी नव्हतं. "तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तीन वर्षांच्या वह्या तेवढ्या माझ्या खोलीत पाठवा."

तो दिवस तिला आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, हसणं आठवत होतं. खरा प्रयोग सुरू व्हायच्या आधीचा तो महिना तालमीचा होता. हात बसावा म्हणून नुसतं करून बघायचं, आकडे फेकून द्यायचे. बिनरंगीच्या मागवल्या होत्या त्याच्या निम्म्याच बाटल्या आल्या होत्या आणि गुलाबी कपाटभर पडलं होतं. मग तालमीपुरतं तिनंच ठरवलं, मुलींना गुलाबी, पोरांना साधं. खेळण्यांच्या दुकानात करतात तसं. सगळे हसले, बाई सर्वांत जास्त. बायकांच्या पेशींवर काम करणाऱ्या बायकांनी केलेला विनोद, त्यामुळे त्याला एक धारही होती. पुढच्या महिन्यात बिनरंगीच्या उरलेल्या बाटल्या आल्या. तेव्हा तिनं सांगितलं होतं का, की आता सगळ्यांनाच बिनरंगी? सांगितलं असेलच. हे काय सांगायचं राहतं? पण ते कुठं उभं राहून सांगितलं, बाईंना की आणखी कुणाला, त्यावर बाई काय म्हणाल्या, असं चाचपायला लागल्यावर हाताला काहीच लागेना. नंतर पूर्ण बाटल्या येत राहिल्या, दोन्ही रंगांच्या, आणि मागणीच्या कागदांवर तीच सह्या करत राहिली. गुलाबी बघून तिला काही वाटलं नाही, कारण त्या इमारतीत जो तो गुलाबीच वापरायचा. डोळ्यांसमोरची गोष्ट दिसत नाही म्हणतात ते असं. तीन वर्षं!

वह्या आल्या. आठ वह्या, बाईंच्या गोल गोल अक्षरात. तारीख, नाळ कुठली, मुलगी की मुलगा, किती पेशी, आणि शेवटचा रकाना मीडियमचा. त्या रकान्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे'. दुसऱ्या पानावर 'नेहमीप्रमाणे'. पुढं पुढं तर बाईंनी नुसतीच दोन टिंबं ठोकली होती, वर आहे तसंच म्हणून. ती पानं उलटत गेली. दर आठवड्याला तिची सही होती, हिरव्या शाईत, तपासलं म्हणून. तिला एकाएकी आईचा आवाज ऐकू आला. बाबा कामावरून आल्यावर बूट काढता काढता विचारायचे, "कसं काय आज?" आणि आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणायची, "नेहमीचंच." त्या 'नेहमीचंच'मध्ये काय काय होतं ते कुणी उघडून बघितलं नाही. शेवटच्या वर्षी आईनं ओट्याशेजारी एक स्टूल आणून ठेवलं होतं. भाजी चिरताना मध्येच बसायची, दोन मिनिटं, मग उठायची. सगळ्यांना वाटलं, वय झालं. वय किती, तर सत्तेचाळीस. आज ती स्वतः एकोणपन्नास वर्षांची होती.

बाबांचं तसं नव्हतं. बाबांनी एकदा जेवताना छातीवर हात ठेवला मात्र, अख्खं घर उठलं. शेजारचे दोघं धावले, कुणी गाडी काढली, कुणी चप्पल न घालता पुढं पळालं. दवाखान्यात चार डॉक्टर भोवती. बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले आणि दर वर्षी त्या तारखेला सगळ्यांना ती कहाणी तिखटमीठ लावून ऐकवायचे. आईनं छातीवर हात कधी ठेवला नाही. तिची दाढ दुखायची. दमायची, घाम यायचा, दाढ दुखायची. ताईनं तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरनं दाढ काढून दिली. कापसात गुंडाळून आणलेली ती दाढ ताईनं मोरीत धुऊन खिडकीत ठेवली होती. पांढरीशुभ्र, दोन पायांची, कुठं कीड नाही की भोक नाही. बाबा म्हणाले, "चांगली दाढ काढली की मेल्यानं!" दाढ काढल्यावर बाराव्या दिवशी आई स्टुलावर बसली ती उठलीच नाही. ती स्वतः तेव्हा सतरा वर्षांची होती. क्लासहून घरी आली तर शेजारच्या बाया स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि खिडकीत ती दाढ तशीच होती.

ती या विषयाकडे वळली ती त्या दाढेपायी. कुणी विचारलं की ती मात्र भारदस्त कारणं सांगायची. बाईचं काळीज वेगळं दुखतं, वेगळं बिघडतं, आणि त्याचा शोध अगदी एकेका पेशीपर्यंत जाऊन घ्यायला हवा, वगैरे. सगळं खरंच होतं. पण आत कुठंतरी तिला एवढंच हवं होतं, की आईच्या रक्तवाहिन्यांत उतरून एकदा बघावं तिथं काय चाललं होतं ते. मग हा निकाल हाती आला. पेशींचा प्राणवायू काही तास काढून घ्यायचा, परत द्यायचा, आणि किती तगल्या ते मोजायचं. शंभरांत पुरुषांच्या चोपन्न तगायच्या, बायकांच्या एकाहत्तर. दर वेळी. तो आकडा पहिल्यांदा पाहिला त्या दुपारी ती दार लावून रडली होती. म्हणजे आई झुंजली होती तर! एकेक पेशी तग धरून होती. कुणाचं लक्ष नसताना, कुणी न विचारता, आतल्या आत ती लढत होती. किती बरं वाटलं होतं तिला! आणि आता टेबलावर कोपरं टेकून बसल्यावर तिला कळत होतं, की ते बरं वाटणंच वाईट होतं. घरात सगळे आईबद्दल हेच तर म्हणायचे. फार सोशिक बाई. सोसण्याची ताकद देवानं बायकांना जास्तच दिलीय. सोसते म्हटलं की बघायला जायची गरज उरत नाही. तीन वर्षं खपून, यंत्रं लावून, आकडे मांडून तिनं घरातलं तेच वाक्य सिद्ध करून दाखवलं होतं, आणि तेही बाटलीतल्या रंगाच्या जोरावर. पुन्हा सगळ्यांना बिनरंगी देऊन प्रयोग केला तर फरक उरेलही कदाचित. नाहीही उरणार. काहीच माहीत नाही, एवढंच आज खरं होतं.

निबंध छापून चार महिने झाले होते. एका वर्तमानपत्रवाल्यानं फोनवर दहा मिनिटं विचारपूस केली आणि रविवारच्या अंकात चौकट टाकली, 'बाईचं काळीज चिवट!' बातमीत नाळ नव्हती, बशी नव्हती, फक्त बाई आणि काळीज. तिनं फोन करून त्याला झापायला हवं होतं. तसं ठरवलंही होतं. मग ताईचा फोन आला, आणि ताई इतकी हरखली होती, की राहूनच गेलं. ताई मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन होती. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. ताईनं ते कात्रण तळमजल्यावरच्या फलकावर लावलं होतं, पाण्याच्या वेळा आणि हरवलेल्या किल्ल्या यांच्या मधोमध. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'ही माझी धाकटी बहीण.'

राजीनामा असो की कबुली, लिहायला आधी तारीख लागते. तिनं कोरा कागद पुढं ओढला आणि संपादकांना पत्र लिहायला घेतलं, की आमच्या प्रयोगात मूलभूत चूक आढळली आहे, निबंध मागे घ्यावा. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. वार घालायची तिची सवय होती. मंगळवार.

मंगळवार म्हटल्यावर तिच्या तळपायांना पुन्हा तो गारठा आला. परवा, रविवारी, ताई फोनवर काय म्हणाली होती? "मंगळवारी बाराला दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते गं ठमे. दाढ ठणकते."

"कुठली?"

"खालची. मजा म्हणजे एरवी गप्प असते. जिना चढायला लागले की सुरू. वर पोचून दोन मिनिटं बसलं की बंद."

"दाढेला जिना कसा कळतो गं ताई?" ती म्हणाली होती. हसली होती. तेव्हा ती कपाटातले कपडे लावत होती, फोन खांद्यात धरलेला, निम्मं लक्ष भलतीकडेच. "आणि दमायला होतं म्हणतेस ते वजन कमी कर जरा. बाकी तुला काही होत नाही. तुझं काळीज चिवट आहे, पेपरात छापून आलंय!"

ताईही हसली होती. "हो बाई, ते तर मी फलकावरच लावलंय."

अकरा वाजून दहा मिनिटं. तिनं फोन लावला. वाजत राहिला. ताई फोन कार्यालयाच्या खणात ठेवून दिवसभर विसरते हे तिला माहीत होतं, तरी तिनं चारदा लावला. मग वसतिगृहाचा नंबर. फाटकावरच्या बाईनं उचलला. "वॉर्डनबाई होय? चौथ्या मजल्यावर गेल्यात, नळ बघायला. येतील इतक्यात."

"त्यांना म्हणावं, आहे तिथं बसून राहा. खाली उतरू नका, वर चढू नका. सांगाल?"

"सांगते की. पण त्या ऐकतायत होय!"

टॅक्सीत बसल्यावर तिला आठवली ती खुर्ची. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर ताईनं एक लाकडी खुर्ची ठेवली होती. दोन महिन्यांपूर्वी ती भेटायला गेली तेव्हा जिना चढताना तिनं विचारलंही होतं, "हे काय मध्येच?" ताई म्हणाली होती, "मुलींसाठी गं. फोनवर बोलत पायऱ्यांवर फतकल मारतात, येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण." आणि बोलता बोलता ताई स्वतः त्या खुर्चीत टेकली होती, दोन मिनिटं, आणि ती कठड्याला रेलून उभी राहिली होती. दोघी छान गप्पा मारत होत्या. ताईच्या वरच्या ओठावर घाम होता. तो तिनं बघितला होता, अगदी स्पष्ट, एकेक थेंब. जगात दाढेच्या आणि जिन्याच्या आणि घामाच्या या गोष्टीवर जी मोजकी माणसं पोट भरतात त्यांतली ती एक, आणि ती कठड्याला रेलून हॉस्टेलातल्या मांजराबद्दल बोलत होती. सिग्नलला टॅक्सी उभी राहिली. चालक आरशात बघून म्हणाला, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" ती म्हणाली, "मी ठीक आहे. तुम्ही चला हो, जरा लवकर चला."

वसतिगृहाच्या दारात शिरताच समोर फलक. चौकटीतलं ते काळीज, चार महिन्यांत उन्हानं पिवळं पडलेलं. ती तिथं थांबली नाही. पहिला मजला, दुसरा मजला. तिची स्वतःची छाती भात्यासारखी चालली होती. वळणावर खुर्ची होती, आणि खुर्चीत ताई होती. मांडीवर पर्स, पायात बाहेरच्या चपला, केस विंचरलेले. दवाखान्यात जायला निघालेली ताई. एक हात जबड्याखाली धरलेला, कंटाळलेला माणूस धरतो तसा.

"अगंबाई! तू इथं कशी, या वेळेला?" ताई उठायला गेली.

"उठू नकोस."

"काय झालं? नोकरी गेली काय तुझी?"

ती खालच्या पायरीवर बसली. वरून एक मुलगी दाणदाण उतरत आली, दोघींना बघून अंग चोरून गेली. ताईनं सवयीनं तिला "हळू!" म्हणून दटावलं, पण आवाज निम्म्यातच तुटला. वरच्या ओठावर घाम होता.

"ताई, दाढ काढायला जायचं नाही. आपण मोठ्या दवाखान्यात जातोय, आत्ता. काळजाच्या डॉक्टरकडे."

"काहीतरीच काय! अगं, वेळ घेतलीय मी बाराची. आणि तूच तर म्हणालीस..."

"मी चुकले. माझा निकाल खोटा होता. ते जे छापून आलं ते सगळं." तिला वाटलं होतं, हे म्हणताना आवाज फुटेल. तो फुटला नाही, नुसताच कोरडा निघाला. "बायकांच्या पेशींना तीन वर्षं आम्ही वेगळं पाणी पाजत होतो. माझ्याच सांगण्यावरून. त्यानं तगल्या त्या. चिवट वगैरे काही नाही. निदान मला तरी माहीत नाही."

तिनं मान वर करून ताईकडे बघितलं. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी ताई, जिनं आईमागे तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तिला शिकवायला स्वतःचं शिक्षण सोडलं. ती रागावेल, निदान घाबरेल. पण ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईला सुटल्यासारखं झालं होतं.

"मला आठवली होती गं आईची दाढ," ताई म्हणाली. "मीच धुतली होती ना ती. कीड नव्हती तिला. पहिल्यांदा ठणकली तेव्हाच आठवली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुझंच तर छापून आलं होतं, बाईचं काळीज चिवट. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार आहे यातलं?" ताईनं जबड्यावरचा हात काढून छातीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. "मी म्हटलं, ठमी सांगते म्हणजे दाढच असेल. मग दर वेळी ठणकली की म्हणायचे, दाढच आहे. तीन महिने झाले." आणि मग, जसं काही परवानगी मिळाली होती, तसं ती म्हणाली, "दुखतंय गं ठमे. फार दुखतंय."

आईनं 'फार दुखतंय' असं कधी म्हटलं नव्हतं. ताईनंही नाही. तिनं ताईला कवेत घेतलं आणि फोनवर रुग्णवाहिका मागवली. ते लोक आले, त्यांनी ताईला खुर्चीसकट उचललं आणि त्या खुर्चीतूनच जिना उतरवला. मुली दारादारातून बघत होत्या. ताई त्यातही म्हणत होती, "नळ गळतोय चौथ्या मजल्यावर, कुणीतरी बादली लावा." तळमजल्यावर तिनं फलकावरचं कात्रण एका झटक्यात ओढलं. टाचणी तिच्या बोटाला लागली. "अगं, राहू दे ना," ताई म्हणाली, "तुझं नाव आहे त्यात." कागद मुठीत चुरगळून ती गाडीत चढली आणि ताईचा हात धरून बसली. हात ओला आणि थंड होता.

दवाखान्यात त्यांना थांबवलं नाही. ताईच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर आली, आणि ती पट्टी बघता बघता तरुण डॉक्टरचे खांदे ताठ झाले. मग पाचसहा जणांची धावपळ सुरू झाली. कुणी सुई टोचली, कुणी खाट ढकलत नेली, दारं उघडली, मिटली. बाबांच्या वेळी झाली होती तशीच धावपळ. ती भिंतीशी उभी राहून ते बघत होती आणि तिला वाटत होतं, एवढंच, एवढंच तर हवं होतं. त्या स्टुलाशी एकदा तरी कुणीतरी असं धावायला हवं होतं. मुठीतल्या कागदाला घाम फुटला होता.

डॉक्टर हातात अर्ज घेऊन बाहेर आला. "वेळेवर आणलंत असं नाही म्हणता येणार," तो म्हणाला, "पण आणलंत. आत घेतलंय, आम्ही प्रयत्न करतोय. त्रास कधीपासून होता?"

"तीन महिने."

"तीन महिने?" त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवून, वर न बघताच, त्यानं विचारलं, "याआधी कुणाला दाखवलं होतं का?"

"हो," ती म्हणाली. "मला."